दाण्यातला सोंडा आणि त्याच्या आईचा वारसा



गोदामात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसांची संघटना बांधणे हे माझे काम. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर, तेही तुटक. मग किड्यांच्या आनुवंशिकतेवर मी का बोलावे? काही वर्षांपूर्वी एका गोदामात मक्याच्या थप्पीत सोंडे निघाले. ठपका हमालांवर आला: तुम्ही जुन्या बारदानाशेजारी माल लावलात, म्हणून कीड लागली. मजुरी कापण्याची भाषा सुरू झाली. वाटाघाटीला बसलो, तर ही कीड येते कोठून एवढेही मला सांगता येईना. तेव्हापासून वाचू लागलो.

सोंडा सर्वांच्या घरचाच आहे. तीन-चार मिलिमीटरचा काळपट भुंगेरा, पुढे सोंड, पाठीवर चार तांबूस ठिपके. मादी सोंडेने दाणा कोरते, आत अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवते. अळी आतच खाते, आतच कोष करते. उबदार, दमट हवेत सुमारे महिन्याने भुंगेरा बाहेर पडतो. तोवर वरून दाणा धड दिसतो. म्हणजे गोणी गोदामात येते तेव्हाच कीड तिच्या पोटात असू शकते.

आता घोटाळा पाहा. तांदळाच्या सोंड्याला लिनियसने १७६३ साली नाव दिले, मक्याच्या सोंड्याला मोचुल्स्कीने १८५५ साली. तरी पुढे शंभर वर्षे ह्या जाती दोन की एक, हा वाद मिटला नाही. नावांवर जाऊ नका. दोघेही तांदूळ खातात आणि मकाही खातात. पक्का फरक नराच्या जननेंद्रियात: तांदळाच्या सोंड्याचे वरून गुळगुळीत, मक्याच्या सोंड्याच्या इंद्रियावर दोन लांबट खाचा. पण हाती नुसती अळी किंवा तुटका पाय असला तर? आणि फरक कळणे तर जरूर आहे, कारण मक्याचा सोंडा उडण्यात पटाईत; तो शेतातल्या उभ्या कणसापर्यंत पोचतो.

येथे तंतुकणिका कामी येतात. पेशीला शक्ती पुरवणाऱ्या ह्या बारीक भट्ट्या. पेशीच्या केंद्रकातला वारसा आई आणि बाप दोघांचा. तंतुकणिकेजवळ मात्र स्वतःची वेगळी, लहानशी डीएनएची वही असते, आणि ती आईकडूनच मिळते. प्राण्यांत तिच्यात बहुधा ३७ जनुके असतात. एका पेशीत तिच्या प्रती शेकड्यांनी असल्यामुळे वाळलेल्या तुकड्यातूनही ती वाचता येते. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवले, की तिच्यातील एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग जात ओळखण्यास वापरावा. ह्या दोन सोंड्यांच्या वह्या ताडून पाहिल्या तर दिसायला भावंडे असलेले हे किडे आतून बरेच दूर गेलेले आढळतात. डोळ्याला जे दिसत नाही ते आईचे कूळ सांगते!

मात्र ही वही सर्व काही सांगत नाही. गोदामात गोळ्या ठेवून जो फॉस्फिन वायू सोडतात, त्याला किडे दाद देईनासे होत आहेत. २०१२ मध्ये पिठातला तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा दुसरा एक भुंगेरा यांच्यात त्याला कारणीभूत असलेले एक जनुक सापडले. त्याचे विकर काम करते तंतुकणिकेत, पण जनुक स्वतः केंद्रकात! तेव्हा आईच्या वहीवरून जात कळेल. वायूने मरेल की नाही, ते कळणार नाही. वायू कमी पडला तर चिवट किडे तेवढे उरतात, आणि पुन्हा गोळ्या ठेवायला आमचीच माणसे आत जातात.

त्या वाटाघाटीत मजुरी वाचली. पण ती आमच्या युक्तिवादाने नव्हे, माल तातडीने उचलायचा होता म्हणून. नमुना कोणीच ठेवला नव्हता. आता आमचे लोक गाडी उतरताना प्रत्येक खेपेतले ओंजळभर दाणे बाटलीत भरतात, मुकादमासमोर झाकण लावतात आणि वर तारीख घालतात.