दोन दिवस समुद्रावर, मैत्रिणीबरोबर

आजचा विषय ऐकून काहीजणी पदर तोंडाला लावून हसतील. विषय आहे समुद्रावर दोन दिवस विसाव्याला जाण्याचा. नवऱ्याबरोबर नाही, लग्नाच्या वऱ्हाडात नाही, देवाच्या नवसालाही नाही. आपल्या एका मैत्रिणीबरोबर, नुसतं निवांत बसायला.

आपण घराबाहेर पडत नाही असं नाही. माहेरी जातो, बारशाला जातो, मयतीला जातो, जोतिबाला आणि पंढरपूरला जातो. पण प्रत्येक वेळी कारण लागतं. माहेरी गेलं तरी भाकरी थापायचा हात थांबत नाही. यात्रेला गेलं तरी अख्ख्या घराचा डबा आपल्याच पिशवीत असतो. "मी दमलेय, दोन दिवस बसून येते" हे कारण मात्र अजून कारणांत मोजलं जात नाही.

ते मोजावं, यासाठी एक आकडा सांगतो. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. कोण दिवसात कशाला किती वेळ देतं, ते घरोघरी विचारलं. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषांचा जातो ८८ मिनिटं, म्हणजे दीड तासही नाही. आणि आपल्या भागातली बाई या पाच तासांच्या वर उसात भांगलायला जाते, हळद काढायला जाते, म्हशीची धार काढते ती वेगळीच. शेतातल्या बैलालाही बेंदराला सुट्टी असते. त्या दिवशी पुरणपोळी मात्र बाईच लाटते.

तर जायचं कसं, ते आता पायरी-पायरीने बघू.

पहिली गोष्ट, घर कोण बघणार?

यावर उत्तर आपल्या शेतातच आहे. आपल्याकडे पैरा करतात. आज तुमच्या रानात आम्ही राबतो, उद्या आमच्या रानात तुम्ही. पैसा लागत नाही, हिशोब मात्र चोख असतो. आमचं म्हणणं आहे, असाच विसाव्याचा पैरा करावा. गटातल्या दोघी दोन दिवस गेल्या, तर बाकीच्यांनी त्यांच्या धारा काढायच्या, पोरांना शाळेत पाठवायचं, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर द्यायच्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोघी जातील, तेव्हा पहिल्या दोघी पैरा फेडतील. कामं कागदावर लिहून काढा, म्हणजे कोणाच्या डोक्यात काही राहत नाही. घरच्या पुरुषांनाही त्यात वाटा द्या. डेअरीला दूध घालणं आणि कुकर लावणं कोणालाही जमतं.

दुसरी गोष्ट, पैसा.

गटाचं कर्ज काढून फिरायला जाऊ नये. ते पैसे शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, दवाखान्यासाठी असतात. त्यापेक्षा दोघींनी वेगळा डबा करावा. दोघींनी महिन्याला दोनशे-दोनशे टाकले, तर दहा महिन्यांत चार हजार जमतात. एस. टी.ने जाऊन साध्या घरगुती खोलीत राहिलं, तर एवढ्यात बरंच भागतं.

एस. टी.चं तिकीट तर आपल्याला अर्धंच आहे. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत राज्यातल्या एस. टी. गाड्यांत सर्व बायकांना निम्मी सवलत मिळते. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते, म्हणून गोव्याच्या गाडीत बसलात तर पुढचं भाडं पूर्ण पडतं. बरोबर पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी असतील, तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांचा प्रवास मोफत आहे. आधारकार्ड मात्र जवळ ठेवावं.

तिसरी गोष्ट, जायचं कुठं?

आष्ट्याहून समुद्र वाटतो तेवढा लांब नाही. आधी कोल्हापूर गाठायचं. तिथून मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत गाडी रत्नागिरीला उतरते. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण एकशेतीस किलोमीटर पडतं. घाटात गाडी लागत असेल तर पुढच्या बाजूची खिडकी धरा आणि तोंडात आलेपाक ठेवा. रत्नागिरीहून गणपतीपुळे तासाभराच्या आत येतं. तिथं गणपतीचं देऊळ अगदी वाळूला लागून आहे, आणि मागचा डोंगरच देवाचं रूप मानून त्याला प्रदक्षिणा घालतात. शेजारी मालगुंड आहे, कवी केशवसुतांचं जन्मगाव. देव आणि समुद्र एकाच जागी असल्याने पहिल्यांदा जाणारीला घरून परवानगी मिळायलाही ही जागा सोपी पडते!

दुसरी जागा वेंगुर्ला. कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे तिथं जाता येतं. वेंगुर्ल्याची एक गोष्ट बचत गटाच्या प्रत्येक बाईने ऐकावी अशी आहे. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी या महिला गटाच्या बायका २०१७ पासून पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवायला नेतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात, चिखलात वाढणारी झाडं. ती किनाऱ्याची माती धरून ठेवतात आणि त्यांच्या मुळांत मासे, खेकडे वाढतात. या बायका स्वतः वल्हं मारतात आणि कोणतं झाड कशाचं तेही सांगतात. आपण विसावा घ्यायला जायचं आणि आपल्यासारख्याच बायकांच्या हाताला त्यातून काम मिळायचं, यापेक्षा पैसा चांगल्या ठिकाणी जाणार कुठं?

राहायला घरगुती खोल्या असतात, तशी पर्यटन महामंडळाची निवासंही आहेत. सरकारने २०२३ साली बायकांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. त्यात महामंडळाच्या निवासांत बायकांना वर्षातल्या ठरावीक दिवशी सवलत ठेवली आहे. खोली ठरवताना ते दिवस विचारून घ्या. खोली फोनवर आधी ठरवावी, उजेडात पोहोचावं, आणि आतून कडी नीट लागते का ते सामान ठेवायच्या आधी बघावं.

चौथी गोष्ट, समुद्र समजून घेणं.

आपण कृष्णाकाठच्या बायका. पाणी आपल्याला नवं नाही. पण नदी एकाच बाजूला वाहते, समुद्र दोन्ही बाजूंना ओढतो. चंद्र आणि सूर्य समुद्राचं पाणी आपल्याकडे खेचतात, म्हणून दिवसातून दोनदा पाणी चढतं, ती भरती, आणि दोनदा उतरतं, ती ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, तेव्हा ओढ वाढते आणि मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाण्याची चढउतार सगळ्यात कमी असते, त्याला भांग म्हणतात.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे, आणि त्याला फक्त घरातलं कॅलेंडर लागतं. त्या दिवशीच्या तिथीचा पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणून भरती सहाला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं. रोज भरती पाऊण तासाने पुढे जाते, तो हा हिशोब. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे थोडा पुढे-मागे होतो, म्हणून गावातल्या कोळ्याला विचारून खात्री करावी.

ओहोटीला वाळू रुंद आणि घट्ट होते, चालायला छान. पण पाण्यात उतरायला ओहोटी वाईट, कारण पाणी आत ओढत असतं. आणखी एक धोका ओळखायला शिका. लाटा किनाऱ्यावर येऊन फुटतात, ते पाणी परत जायला वाट शोधतं. कुठंतरी चर पडतो आणि त्यातून पाणी जोरात आत पळतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तिथंच तो ओढा असतो. नवखी बाई नेमकी ती शांत जागा बघून उतरते. अशा ओढ्यात सापडलंच, तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नये, ताकद संपते. अंग सैल सोडून तरंगावं, हात वर करून हाक मारावी, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याच्या समांतर आडवं जाऊन ओढ्याच्या बाहेर पडावं. बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नये. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं आणि माणसं बोलवावीत.

गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला देखणा, पण पोहायला धोक्याचा आहे. तिथं लावलेल्या पाट्या वाचा. आमचा नियम सोपा आहे. गुडघ्यापर्यंतच पाणी, दोघींपैकी एकीने कायम कोरड्या वाळूवर, आणि अंधार पडला की पाण्यात पाय नाही. ओली साडी पायात गुंडाळते, म्हणून पंजाबी ड्रेस घाला. होडीत बसताना जीवरक्षक जॅकेट मागून घ्या, बांधून घ्या. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. मदतीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८, हे दोन नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

शेवटची गोष्ट, तिथं करायचं काय?

बऱ्याचजणींना हीच अडचण येते. हात रिकामे राहिले की चुकल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी घरी दहा फोन होतात. म्हणून फोनची वेळ ठरवून घ्या, सकाळी एक आणि रात्री एक. सकाळी जाग येईल तेव्हा उठा. कोणीतरी केलेला चहा बसून प्या. घावन, कुळथाची पिठी, सोलकढी, उकडीचे मोदक खा, आणि चव आवडली तर कृती विचारून घ्या. उन्हाच्या आत सकाळी चालून या, दुपारी झोपा. संध्याकाळी वाळूत बसून सूर्य पाण्यात बुडताना बघा.

आणि बोला. मैत्रीण बरोबर न्यायची ती याचसाठी. घरात जे बोलता येत नाही, गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या गडबडीत जे राहून जातं, ते लाटांच्या आवाजात सहज निघतं. कोणाला छातीत धडधडतं, कोणाला रात्रभर झोप नाही, कोणाच्या अंगावरून जास्त जातं. दोन दिवस शेजारी बसल्यावर हे कळतं, आणि मग परत आल्यावर दवाखान्यात बरोबर जाणारी हक्काची सोबतीण मिळते.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले की वहीचं एक कोरं पान काढा. वर लिहा, विसाव्याचा पैरा. खाली दोघी-दोघींच्या जोड्या आणि महिना लिहा. पहिल्या जोडीत गटातल्या सगळ्यात दमलेल्या बाईचं नाव घाला. ती नको म्हणेल. तरी घाला.