परिचारक-पाद : बदलत्या आतुरालयातील दुर्लक्षित चतुर्थांश

वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपण प्रथम वर्षापासून पाठ करतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग आणि शौच. पंधराव्या अध्यायात तर शोधनापूर्वी कोणकोणती माणसे हाताशी असावीत याची यादीच आहे. तीत स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग रगडणारे, रोग्यास उठविणारे व निजविणारे, औषधी वाटणारे असे सर्व येतात. असे असूनही आतुरालयात एखादी नवी पद्धती आणताना आपण सर्वांत शेवटी विचारात घेतो तो हाच पाद. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा व तिच्या परिहाराचा विचार करावयाचा आहे.

मनुष्यबळाची अडचण

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाखांची उणीव होती. ही उणीव मोठी रुग्णालये आणि परदेशातील नोकऱ्या अधिक वेतन देऊन भरून काढतात. त्याची झळ दहा-वीस खाटांच्या आयुर्वेदीय आतुरालयास बसते. जी.एन.एम. अथवा ए.एन.एम. झालेली परिचारिका आपल्याकडे येते तेव्हा सलाईन, इंजेक्शन, रक्तदाब यांत ती निष्णात असते. परंतु स्नेहपान, बस्ती, संसर्जनक्रम हे शब्द तिच्या शिक्षणात क्वचितच आलेले असतात. ते शिकविण्यास आपणास सवड नसते. ती चुकतमाकत शिकते आणि हात बसला की दुसरीकडे जाते. पंचकर्म-साहाय्यकांचे चित्र याच्या उलट आहे. अभ्यंग-स्वेदनात त्यांचा हात उत्तम चालतो, परंतु लेखी नोंदीची सवय नसते.

बदल कोठे अडतो?

अलीकडे गुणवत्ता-मानांकन, विम्याचे दावे आणि रुग्णहक्क यांमुळे लेखी नोंद अपरिहार्य झाली आहे. मग एखाद्या आधुनिक रुग्णालयाचे छापील तक्ते आणले जातात, एक सभा होते आणि दुसऱ्या दिवसापासून सर्व तक्ते भरण्याची आज्ञा निघते. महिन्याभराने पाहावे तर पाळी संपताना सर्व रकाने एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले आढळतात. याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. औषधाच्या तक्त्यात सकाळ, दुपार, रात्र असे तीनच रकाने असतात. सुश्रुताचार्यांनी औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत. प्राग्भक्त अथवा सग्रास औषध परिचारिकेने कोणत्या रकान्यात लिहावे?

या गोंधळाची किंमत रुग्ण मोजतो. विरेचनाचेच उदाहरण घेऊ. औषध सकाळी दिले जाते, वेग दुपारनंतरही चालू राहतात आणि दुपारी दोन वाजता परिचारिकांची पाळी बदलते. अवर, मध्यम व प्रवर शुद्धीचे १०, २० व ३० वेग आणि त्यानुसार ३, ५ व ७ दिवसांचा संसर्जनक्रम हे आपण जाणतो. पाळी बदलताना तोंडी सांगितलेली संख्या ऐकण्यात चुकली, तर पथ्याचे सर्व गणित चुकते. त्याहून गंभीर म्हणजे अतियोगाकडे झुकणाऱ्या रुग्णाचा थकवा, घटलेले मूत्र, उतरलेला रक्तदाब ही लक्षणे दोन पाळ्यांच्या फटीत हरवतात. निरूह बस्तीचे तसेच आहे. प्रत्यागमाची कमाल मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. बस्ती दिल्याची वेळच लिहिलेली नसेल, तर मर्यादा उलटली हे कोणास कळावे?

पादांशिक क्रम

कुर्ट लेविन या समाजमानसशास्त्रज्ञाच्या १९४७ मधील मांडणीनुसार बदलाचे तीन टप्पे मानले जातात : जुनी घडी सैल करणे, बदल घडविणे आणि नवी घडी पक्की करणे. आपणास हे तत्त्व अपरिचित नाही. अंगवळणी पडलेले अहितकर एकदम सोडू नये, पादापादाने सोडावे व हितकरही तसेच अंगीकारावे, हा पादांशिक क्रम चरक व वाग्भट या दोघांनीही सांगितला आहे. व्यक्तीच्या सात्म्याला जो न्याय, तोच संस्थेच्या सात्म्यालाही लावता येतो.

पहिल्या पंधरवड्यात वेग-नोंदीचा एकच तक्ता सुरू करावा. तो मराठीत असावा, रुग्णाच्या खाटेशी टांगलेला असावा आणि प्रत्येक वेगासमोर केवळ वेळ व खूण एवढीच अपेक्षा असावी. तक्ता छापण्यापूर्वी परिचारिका व साहाय्यक यांना दाखवून त्यांच्या सूचनांनुसार बदलावा. तो रुळला की पाळीबदल रुग्णाच्या खाटेपाशी, तक्ता हाती घेऊन करण्याचा नियम आणावा. त्यानंतर औषधकालांसह औषधांचा तक्ता, आणि सर्वांत शेवटी मानांकनासाठी लागणाऱ्या अन्य नोंदी. प्रत्येक नवा कागद येताना जुना एखादा कागद बंद व्हावा, अन्यथा बदल म्हणजे केवळ वाढीव भार ठरतो.

यात वैद्याचे वर्तन निर्णायक असते. सकाळच्या फेरीत वैद्य तक्ता वाचून प्रश्न विचारतो की नाही, हे परिचारिका चार दिवसांत ओळखते. न वाचला जाणारा तक्ता पाचव्या दिवशी खोटा भरला जातो. तसेच चूक सांगणाऱ्या परिचारिकेस सर्वांदेखत बोलणी बसली, तर पुढील चूक आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही.

औषधालयाचा वाटा

औषधालयचालकांनाही येथे काम आहे. सारख्या दिसणाऱ्या चूर्णांच्या पुड्या, पुसट अक्षर, अनुपानाचा उल्लेख नाही अशा स्थितीत रात्रपाळीच्या परिचारिकेने अंदाज बांधावा लागतो. आतुरालयास पाठविल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीवर रुग्णाचे नाव, कल्प, मात्रा, काल व अनुपान ठळक देवनागरीत लिहिल्यास हा अंदाज टळेल. त्यास खर्च जवळजवळ नाही.

वेतनात आपण मोठ्या रुग्णालयांशी स्पर्धा करू शकणार नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु आठवड्यातून एक तास शिकविणे, ठरलेली सुट्टी पाळणे आणि रुग्णासमोर मानाने बोलणे हे आपल्या हाती आहे. शोधनकाळात रुग्णापाशी वैद्य काही मिनिटे असतो आणि परिचारिका दिवसभर असते. तेव्हा पुढील विरेचनापूर्वी प्रत्येकाने आपल्या आतुरालयात एवढेच पाहावे, की दुपारी दोन वाजता वेगांची संख्या कोणाच्या स्मरणात आहे आणि कोणत्या कागदावर.