भरतकामाचं पहिलं सॉफ्टवेअर
उज्जैनला २०२८मध्ये सिंहस्थ आहे. त्याआधी ध्वज-उपरण्यांवर मशीनने नावं भरून द्यायची असतील, तर प्रथम मशीनला चालणारी फाइल पाहा: ब्रदरची पीईएस, जानोमेची जेईएफ, ताजिमाची डीएसटी. डीएसटीत धाग्याचे खरे रंग नोंदले जात नाहीत. ते वेगळे लिहून ठेवा.

अशी फाइल बनवायला शिकायचं, तर इंकस्टिच उत्तम. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये चालणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. विल्कॉम या विकतच्या सॉफ्टवेअरचा खर्च ऑर्डरी येऊ लागल्यावर करावा. चित्रावरून आपोआप टाके पाडणाऱ्या बटणावर मात्र विसंबू नका, देवनागरीत तर नाहीच. ‘महाकाल’ची शिरोरेषा सॅटिन टाक्याने स्वतः आखा, खाली आधाराचे टाके द्या. चंदेरीसारखं तलम कापड चुण्या धरतं. तिथे टाके विरळ ठेवा आणि आधी तुकड्यावर भरून बघा.