नळीखालचा दिवा आणि त्यावरची काजळी

भर दुपारी, लख्ख उन्हात स्पर्धक उभा असतो आणि त्याच्या पिस्तुलाच्या नळीखाली बॅटरीवर चालणारा दिवा बसवलेला असतो. स्पर्धा संपेपर्यंत तो एकदाही पेटत नाही. मग तो लावायचा कशासाठी?

हा प्रकार 'ॲक्शन शूटिंग'मधला. आपल्याला ऑलिंपिकमुळे माहीत असलेली नेमबाजी एका जागी उभे राहून, श्वास रोखून केली जाते. इथे मात्र स्पर्धक पळतो, वळतो, आडोशामागून डोकावतो आणि लागलेल्या गोळ्यांच्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागून त्याचा हिशेब होतो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, 1976 मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी स्थापन झाली. आज तिथल्या स्पर्धांच्या काही गटांत पिस्तुलाखाली दिवा लावायला परवानगी आहे, काहींत नाही. जिथे आहे, तिथे अनेकांना प्रकाशापेक्षा त्याचे वजन हवे असते.

गोळी सुटली की पिस्तूल मागे ढकलले जाते. नळी मुठीपेक्षा उंचावर असल्याने तोंड वर उसळते. ते खाली येऊन नेम पुन्हा जुळेपर्यंत दुसरी गोळी झाडता येत नाही. साधारण सव्वाशे ग्रॅमचा दिवा नळीच्या टोकाशी बसला की ही उसळी कमी होते. बॅट दांड्याला धरून फिरवा आणि मग उलटी करून पात्याला धरून फिरवा, फरक लगेच कळतो. वजन तेच, पण ते हातापासून लांब असले की फिरवायला जड जाते. अंतर दुप्पट झाले तर तेवढ्याच वजनाचा विरोध चौपट होतो. काही जण तर दिव्याऐवजी पितळेचे वजनच बसवतात.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. टोकाला वाढलेले वजन मनगट आणि कोपराच्या स्नायूंना तोलावे लागते. हे स्पर्धक घरी रिकाम्या पिस्तुलाने रोज शेकडो वेळा तीच हालचाल करतात. त्यातून कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले, चहाचा कप उचलताना कळ आली, तर तो 'टेनिस एल्बो' समजावा. त्यावर आधी सराव कमी करणे आणि सरावाला वजन उतरवून ठेवणे हाच उपाय. वेदनाशामक गोळी घेऊन सराव रेटणे हा सर्वांत वाईट मार्ग.

काही स्पर्धा मुद्दाम अंधारात घेतात. तिथे दिवा खरोखर पेटतो आणि डोळ्यांची परीक्षा सुरू होते. अंधारात पाहण्याचे काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून डोळ्यांत आला की ही कमाई क्षणात जाते. बाहुली लगेच आकसते, पण दंडपेशींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला तर हा प्रकाश डोळ्यांत विखुरल्यासारखा होऊन समोरचे काहीच धड दिसत नाही.

बोटांचाही प्रश्न आहे. एका हाताने जोरात काही दाबले की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आकसतात. रॉजर एनोका या शास्त्रज्ञाने हात असे आपोआप आवळले जाण्याचे तीन प्रसंग सांगितले आहेत: दुसऱ्या हाताने जोर लावणे, तोल जाणे आणि दचकणे. दिव्याचे बटण दाबायच्या क्षणी बोट चापावर असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच या खेळात हालचाल करताना बोट चापाबाहेर ठेवावे लागते. नियम मोडला तर स्पर्धकाला थेट बाहेर काढतात. पिस्तुलाचा दिवा बॅटरी म्हणून वापरणे, म्हणजे अंधारात पडलेली वस्तू शोधायला नळी इकडेतिकडे फिरवणे, हा तर शुद्ध वेडेपणा आहे.

पण डॉक्टरांना खरी काळजी वाटावी अशी गोष्ट दिव्याच्या काचेवर असते. काच नळीच्या तोंडाजवळ असल्याने थोड्या गोळ्यांतच काळी पडते. ती सहज पुसता यावी म्हणून अनेक जण सामन्याआधी तिच्यावर लिप बामचा थर देतात आणि नंतर बोटाने किंवा रुमालाने काजळी पुसून टाकतात. युक्ती नामी आहे. पण बहुतेक काडतुसांच्या पेटवणीच्या टोपीत शिशाचे संयुग असते. ते जळून उडते आणि शिशाच्या गोळीचेही कण त्यात मिसळतात. काजळीत शिसे असतेच. तेच बोट मग सँडविचला लागते, तीच लिप बामची कांडी ओठांवर फिरते, तोच रुमाल घरच्या कपड्यांत धुतला जातो.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि तिथे ते वर्षानुवर्षे राहते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की 'तुम्ही नेमबाजी करता का?' असे विचारल्याशिवाय निदान सुचत नाही. लहान मुले गिळलेल्या शिशाचा मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त भाग शोषून घेतात. म्हणून वडिलांच्या बुटांवरून घरात आलेली धूळ रांगणाऱ्या बाळाला अधिक घातक ठरते.

आपल्याकडे असे दिवे लावून सहसा कोणी स्पर्धा खेळत नसले, तरी कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर शेकडो मुलेमुली एअर पिस्तूल आणि एअर रायफल चालवतात. त्यांचे छर्रे शिशाचेच असतात आणि ते चिमटीत धरूनच भरावे लागतात. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. साबण आणि गार पाण्याने हात धुवावे लागतात, तेही डबा उघडण्याआधी. छर्रे तोंडात धरण्याची खोड काही मुलांना लागते, ती प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी मोडावी. रेंज झाडूने कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि वर्षानुवर्षे बंदिस्त रेंजवर सराव करणाऱ्याने रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. ती हिमोग्लोबिनच्या नेहमीच्या तपासणीत होत नाही, वेगळी सांगावी लागते.