४.३ प्रायोगिक निवृत्तिवेतन योजनेचे मूल्यमापन

एखादी निवृत्तिवेतन योजना सर्वत्र लागू करण्यापूर्वी शासन ती काही वेळा मर्यादित क्षेत्रात प्रायोगिक तत्त्वावर राबविते. ‘इतक्या कामगारांनी नोंदणी केली’ एवढ्यावरून अशी योजना यशस्वी ठरते काय? नोंदणी हे साधन होय. वृद्धापकाळी हाती येणारे उत्पन्न वाढणे, हे साध्य होय. या दोहोंतील अंतर कसे तपासावे, याचा विचार प्रस्तुत उपघटकात केला आहे.

(अ) तुलना कोणाशी?

समजा, घरकामगार स्त्रियांसाठी अशी एक योजना काही प्रभागांत सुरू झाली. वर्षभरात त्यांची सरासरी मासिक बचत ५०० रुपयांवरून ८०० रुपयांवर गेली. ही ३०० रुपयांची वाढ योजनेमुळेच झाली, असे म्हणता येणार नाही. योजना नसलेल्या, पण अन्यथा सारख्या प्रभागांत त्याच काळात मजुरी वाढल्याने बचत ५०० वरून ६५० झाली असेल, तर योजनेचा परिणाम केवळ १५० रुपये ठरतो.

प्रभागांची निवड शक्यतो सोडत पद्धतीने व्हावी. स्वेच्छेने पुढे येणाऱ्या व्यक्ती बहुधा मुळातच काटकसरी असतात. त्यांची तुलना इतरांशी केल्यास योजनेचे श्रेय अवास्तव वाढते.

(आ) बचत नवी की स्थलांतरित?

वरील उदाहरणात प्रत्येक स्त्रीने योजनेत दरमहा ४०० रुपये भरले असे मानू. एकूण बचत मात्र १५० रुपयांनीच वाढली. म्हणजे उरलेले २५० रुपये भिशी, सोने किंवा बँक ठेव यांतून इकडे वळले. हे स्थलांतर सर्वस्वी निरर्थक नसते, कारण ती रक्कम साठीपर्यंत सुरक्षित राहते. परंतु घरात आजारपण आले आणि अडकलेल्या बचतीमुळे सावकाराचे कर्ज काढावे लागले, तर त्या व्याजाचा भारही हिशेबात धरला पाहिजे.

(इ) रकमेचे वास्तव मूल्य

२०१० मध्ये सुरू झालेल्या स्वावलंबन योजनेत वर्षाला १,००० ते १२,००० रुपये भरणाऱ्या सभासदास शासन १,००० रुपये देत असे. मात्र साठीनंतर किती पेन्शन मिळेल याची हमी नव्हती. २०१५ मध्ये तिची जागा घेणाऱ्या अटल पेन्शन योजनेने दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी दिली. तिच्या मूळ कोष्टकानुसार तिसाव्या वर्षी सहभागी होणाऱ्याने दरमहा ५७७ रुपये भरल्यास साठीनंतर ५,००० रुपये मिळतात.

ही हमी रुपयांची आहे, क्रयशक्तीची नाही. चलनवाढ दरसाल ५ टक्के धरल्यास ३० वर्षांत किमती सुमारे ४.३२ पट होतात. म्हणून त्या ५,००० रुपयांचे आजचे मूल्य सुमारे १,१५७ रुपये भरते. पंचाहत्तरीत ते सुमारे ५५६ रुपयांवर येते. जेव्हा अंगमेहनत अशक्य होते आणि औषधांचा खर्च वाढतो, नेमका तेव्हाच हा आधार क्षीण होतो.

(ई) कालावधीची अडचण

अंतिम फलित पाहण्यास तीस वर्षे लागतात. प्रयोग मात्र दोन-तीन वर्षांचा असतो. म्हणून मध्यंतरीचे निर्देशक वापरावे लागतात: वर्गणी भरण्यातील सातत्य, खंड पडण्याची कारणे, एकूण कौटुंबिक बचत आणि कर्ज. सर्वांची सरासरी पुरेशी नसते. हंगामी काम करणारे व स्त्रिया यांचे आकडे स्वतंत्रपणे पाहावेत, कारण वर्गणी खंडित होण्याचा धोका अनियमित उत्पन्न असणाऱ्यांना अधिक असतो.

सारांश

योजना नसती तर काय घडले असते, बचतीत निव्वळ भर किती पडली, भविष्यातील रकमेची क्रयशक्ती किती आणि वर्गणी अखेरपर्यंत कोण भरू शकेल, या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच योजनेचा विस्तार समर्थनीय ठरतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. सभासदसंख्या हा योजनेच्या यशाचा पुरेसा निकष का नाही?
२. चाळिशीतील कामगारास २० वर्षांनी दरमहा ५,००० रुपये मिळणार आहेत. चलनवाढ ५ टक्के धरून त्यांचे आजचे मूल्य काढा. (उत्तर: सुमारे १,८८४ रुपये)
३. आपल्या परिसरातील एका असंघटित कामगाराच्या बचतीचे मार्ग नोंदवा आणि पेन्शन योजनेमुळे त्यांपैकी कोणता मार्ग आकसेल, याची चर्चा करा.