बिऱ्हाड पाठीवर, शाळेचा हक्क सोबत



दिवाळी झाली की आपल्या वर्गात काही जागा रिकाम्या दिसू लागतात. ती मुले आजारी नसतात. त्यांचे आई-वडील मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि पोरंही ट्रॉलीत बसून जातात. मग पुढचे काही महिने घर म्हणजे पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. वीटभट्टीवरची, मेंढरांमागची, पालावरची मुले अशीच फिरतात. शहरात तर काही मुले पुलाखाली राहतात.

कोपीवर गेलेले मूल धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढे गोळा करते. इकडे वर्ग पुढे जातो. परत आल्यावर त्याला धडा कळत नाही, मग लाज वाटते, आणि एक दिवस शाळाच सुटते. पुढे हातात कोयता येतो.

पण घर नाही म्हणून शिक्षण नाही, असे कायदा म्हणत नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. त्यातल्या या गोष्टी घरी जरूर सांगा :

१) जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.
२) वर्षाच्या मध्येच आले तरी मुलाला घ्यावे लागते.
३) गाव सोडताना दाखला मागितला तर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी शाळेला मुलाला थांबवता येत नाही.
४) वयाप्रमाणे वर्ग मिळतो. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला जादा शिकवणी द्यायची असते.
५) अशा उशिरा आलेल्या मुलाचे वय १४ च्या पुढे गेले, तरी आठवी पूर्ण होईपर्यंत शिक्षण मोफत.

आपल्या राज्यात आणखी दोन सोयी आहेत. आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह. आणि आई-वडिलांबरोबर जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी पत्रक. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येते, हे त्यावर लिहिलेले असते. ते दाखवले की तिकडच्या शाळेत बसता येते, आणि परत आल्यावर इथे आपल्या वर्गात येता येते.

म्हणून आई-वडिलांनो, ट्रॉलीत भांडीकुंडी चढवण्याआधी एकदा गुरुजींना भेटा, पत्रक मागून घ्या. पोर मागे ठेवणार असाल तर वसतिगृहाचे आधीच विचारा. कोणी मूल एकटे, निराधार दिसले तर १०९८ या नंबरवर फोन करा. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालतो.

आणि आपण मुलांनी काय करायचे? परत आलेल्याला "कुठं होतास रं इतके दिवस?" म्हणून चिडवायचे नाही. त्याला आपली वही द्यायची आणि शेजारी जागा करायची.

— इयत्ता सातवी