अकरा महिन्यांचा कागद

मिरजेत भाड्याच्या खोलीला मागणी आणली ती दवाखान्यांनी. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय काढलं, पुढे त्याला जोडून वैद्यकीय शिक्षण सुरू झालं आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. तेव्हापासून या गावात बाहेरगावचं कुणी ना कुणी खोली शोधत असतंच. कधी शिकाऊ डॉक्टर, कधी नर्सिंगच्या मुली, कधी जंक्शनवर बदली होऊन आलेला रेल्वेवाला, तर कधी महिनाभराच्या उपचारांसाठी कर्नाटकातून आलेलं कुटुंब. त्यामुळे निवृत्तीच्या पैशातून एखादा फ्लॅट घ्यावा आणि भाड्याने द्यावा, हा विचार इथे अनेकांच्या मनात येतो. तो चांगलाच आहे. पण त्या फ्लॅटची किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना जो कागद होतो, त्यामागची कायद्याची गोष्ट थक्क करणारी आहे आणि नव्या घरमालकाने ती आधी समजून घ्यायला हवी.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घराचं प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० हा दिवस धरला. त्या दिवशी जे भाडं होतं, ते जवळजवळ तिथेच गोठलं. मग मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा रस्ता काढला. भाडेपट्ट्यात घरातला एक हक्कच भाडेकरूकडे जातो. लायसन्समध्ये मिळते ती फक्त राहण्याची परवानगी, कायद्याच्या नजरेत ताबा मालकाचाच राहतो. गंमत पाहा, भाडेपट्टा ज्या कायद्यात आहे तो मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आणि लायसन्स ज्यात आहे तो सुविधाधिकारांचा कायदा, दोन्ही १८८२ चेच. एकाच घराचे, एकाच माणसाचे, एकाच रकमेचे दोन कागद, आणि दोघांचा अर्थ पार वेगळा!

पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो माणूस चालू लायसन्सवर दुसऱ्याच्या घरात राहत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. कागद तोच, खोली तीच, पण हक्क बदलले. राहणाऱ्याला आधार मिळाला, यात वाद नाही. मालकांनी मात्र धसका घेतला. ‘घर दिलं की गेलं’ असं म्हणून फ्लॅटला वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या कुलपाचं मूळ इथे आहे.

ते कुलूप उघडलं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ने. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की जागा परत द्यायची, असं त्याचं कलम २४ सांगतं. दिली नाही, तर मालक दिवाणी दाव्याच्या लांब वाटेने न जाता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यावर समोरच्याला ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते आणि जास्तीच्या मुक्कामाची भरपाई दुप्पट दराने द्यावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय, तो तिथे निर्णायक पुरावा.

आता अकरा महिन्यांचं कोडं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. शंभराच्या स्टॅम्पवर टाइप करायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, झालं! महाराष्ट्रात मात्र हे चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार एका महिन्याचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका वेगळाच. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं पाडण्याचा भार मालकावर. हजार रुपये वाचवायला गेलेला मालक स्वतःचाच पुरावा गमावतो.

खर्चाचा हिशेबच करून पाहू. भाडं ८,००० रुपये, मुदत ११ महिने, डिपॉझिट ३०,०००. भाड्याचे ८८,००० आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५० मिळून ९०,७५०. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे २२७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आता हे घरबसल्या ऑनलाइन होतं. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार मशीनवर अंगठा टेकवतात, आधारशी ओळख पटते आणि दस्त नोंदला जातो. मुदत हवी तर ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते, दरवर्षी धावपळ नको.

करार तुमच्या बाजूने असला तरी भांडण झालं म्हणून पाणी किंवा वीज तोडायची नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने तो गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. घरात लहान मूल असेल, आजारी माणूस असेल. कराच्या हिशेबासाठी मिळकतकर भरल्याची पावतीही जपा. आयकरात भाड्यातून तो कर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नसला तरी.

आणि फ्लॅट घेण्याआधी कृष्णेची चौकशी करा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कृष्णाघाटाच्या बाजूला किंवा सांगलीत जागा बघत असाल, तर २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांनाच विचारा. भिंतीला नवा रंग दिला की खुणा दिसत नाहीत.

किल्ली द्यायच्या आधी दस्त नोंदवा आणि त्याची एक प्रत भाडेकरूलाही द्या.